अलिबागची इस्रायल आळी, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आतून बघता येतं का?

वाडीवरचा:
आमच्या आजीचं माहेर अलिबागच्या बाजूला. ती सांगायची गावातला तेली शनिवारी घाणा धरायचाच नाही, तेल संपायला आलं तर शुक्रवारीच आणून ठेवायचं. शनवार तेली म्हणायचे. मला वाटायचं शनीचं व्रत असेल काहीतरी 😀 आत्ता कळतंय ते बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. तर येत्या शनिवारी तिकडे चाललोय, आत सोडतात का? आणि आजी 'मशीद मशीद' म्हणायची ती हीच का?

खाडीकाठ:
हीच. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मुंबईत मस्जिद स्टेशनचं नाव पण सॅम्युअल स्ट्रीटवरच्या १७९६ च्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. वेळ असेल तर रेवदंड्याचं बेथ एल पण बघा, ते १८४२ चं म्हणजे त्याच्याही आधीचं.

नव्याचा_सण:
आम्ही बेने इस्रायलच, निम्मं घर आता इस्रायलमध्ये, अश्दोदला. आडनावं बघा ना, केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, सगळी गावंच आहेत. सणांची नावं पण इथलीच, नव्याचा सण, खिरीचा सण, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दार फाळणीचा सण कारण दार लावून दिवसभर उपास. मटणाबरोबर दूध चालत नाही मग नारळाचं दूध, कोकणात काय तोटा. १९४८ नंतर माणसं इस्रायलला जात राहिली आणि आळ्या रिकाम्या झाल्या, पण तिकडच्या म्हाताऱ्या अजून मराठीतच भांडतात 😄
आणि शनिवारी नका जाऊ, शब्बाथ असतो, म्हणजे आमचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा वार, बघ्यांसाठी तो दिवस नाही. इतर दिवशी आळीत विचारा, आत जाताना डोकं झाका, टोपी नसली तर रुमाल चालतो.

खाडीकाठ:
+१. जाताना नवगावला थांबा, जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका तिथे किनाऱ्याला लागल्या अशी बेने इस्रायलांच्या पूर्वजांची कथा, जुनं कब्रस्तान आणि स्मारक आहे. आणि अलिबागजवळच्या खंडाळा गावात (घाटातलं नव्हे) खडकावर एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात, नवस फेडायला तिथे मलिदा करतात, पोहे गूळ खोबरं आणि फळं. कुणी करत असेल तर हातावर मिळेलच.

वाडीवरचा:
घ्या, आजीने इतक्यांदा सांगून मी शनिवारच धरला होता. रविवारी निघतो.