पोटातल्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि घरी आल्यावरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

आईचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी सोडलं, काल कळव्याला घरी आणली. फाईलमध्ये गोळ्यांची यादी आहे, बाकी कशाला घाबरायचं नि कशाला नाही काहीच कळत नाहीये आणि करणारी मी एकटीच. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा.

घोडबंदर रोडवरून :
ताई, माझ्या बाबांचं हेच. पहिले चार दिवस राऊंडला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, गॅस पास झाला का, कारण आतडं झोपलेलं असतं, ते जागं होईपर्यंत पाणीसुद्धा घोटघोट. पाचव्या दिवशी झाला तर आम्ही दोघं भाऊ कॉरिडॉरमध्ये रडलो. त्याच रात्री ताप १०१, नाडी १२० च्या वर, पोट टम्म. ड्युटीवरचे म्हणाले ऑपरेशननंतर ताप येतोच, सकाळी बघू. मी गप्प बसलो, ते अजून सलतं मला. सकाळी सीटी केला तर आतड्याचा जोड (कापलेली दोन टोकं शिवतात तो) लीक, परत टेबलावर घेतलं. घरी सोडल्यावरही लीक होऊ शकतो, म्हणून ताप, धडधड, वाढत जाणारी पोटदुखी दिसली तर रात्रीचे दोन असले तरी निघा.

खारघर :
मी स्वतः पेशंट. लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून तीन महिने शौचाची पिशवी होती. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीचं भोक मापातच कापायचं, मोठं कापलं की कातडी सोलपटते, मिरची लागल्यासारखी आग होते. माझं चुकलं ते पाण्यात. पिशवीतून पाण्यासारखं जायला लागलं म्हणून मी तांब्यावर तांब्या साधं पाणी पीत राहिले, त्यानं अजूनच जास्त जातं हे माहीतच नव्हतं. पिंडऱ्यांत गोळे, लघवी बंद, किडनीचं क्रिएटिनिन वाढलं, चार दिवस सलाईन. नंतर पिशवीतलं मोजायला जुन्या प्लास्टिकच्या मगावर मार्करने खुणा केल्या, दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन आणि ओआरएस.

नौपाडा :
मिस्टरांचं पूर्ण जठर काढलंय. वाटीवाटीने सहा वेळा खातात, बी१२ चं इंजेक्शन कायमचं. दसऱ्याला श्रीखंड खाल्लं आणि वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड. गोड बेतानेच.

ऐरोली :
रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस टोचा, आम्हाला २८ दिवस होतं. एकच पाय सुजला तर गुठळी असू शकते, वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

कळवा :
सगळ्यांचे खूप आभार. आत्ता आईचा ताप बघितला, ९८.४. नाडी कशी मोजायची?

घोडबंदर रोडवरून :
मनगटाला अंगठ्याच्या बाजूने दोन बोटं ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा इथे लिहा, मी जागा आहे. शंभरच्या वर आला तर मात्र माझी वाट बघू नका, आधी सर्जनला फोन.