अख्खा डाव बसून राहिली, एकानेही खो दिला नाही

लेकीची_आई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला ना, तो आमच्या बाबांनी घरात लावून ठेवला होता, आणि मुलींनी फायनलला नेपाळला 78-40 असं हरवलं तेव्हा ते सोफ्यावरून उठून नाचले, गुडघेदुखी वगैरे सगळं विसरून. कॅप्टन प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची हे तर दिवसातून तीनदा. तेव्हापासून हिच्या डोक्यात खो-खो घुसलंय. मग शाळा सुरू झाल्यावर घराजवळच्या मैदानावर घातली, संध्याकाळी साडेपाच ते सात.

पहिले दीड-दोन महिने नुसती लंगडी आणि उकिडवं बसायचा सराव. हसू नका, खरंच, आमच्याकडे कमोड असल्यामुळे हिला उकिडवं बसताच येत नव्हतं, मागच्या मागे कोलमडायची. ते जमलं, घरी टीव्हीसमोर पण तशीच बसायला लागली.

गेल्या रविवारी लहान मुलांची आपसात मॅच ठेवली होती, 5-5 मिनिटांचे डाव. आम्ही सहकुटुंब हजर, आजी पण फोल्डिंगची खुर्ची घेऊन. आधी यांची पळती होती, ही तिसऱ्या तुकडीत आत गेली, आत जाऊन आजीला टाटा केला आणि त्या टाटातच आउट. ते ठीक आहे. पण नंतर यांचा पाठलाग, आणि ही खांबापासून तिसऱ्या चौकोनात बसली ती बसलीच. पाच मिनिटं दोन्ही हात जमिनीवर टेकवून, मान वळवून वळवून बघत होती की आता कोणीतरी मागून खो म्हणेल. कोणी म्हणालं नाही हो. मला तर रडूच यायला लागलं, नवरा म्हणाला अगं शांत हो.

घरी येताना ही एकदम गप्प. सरांशी बोलू का? की अजून लहान आहे म्हणून काढून स्विमिंगला घालू? नवऱ्याचं म्हणणं तेच आहे, की स्विमिंगमध्ये निदान कोणाच्या खोची वाट बघावी लागत नाही.

माजी_गडी

ताई, मी शाळा-कॉलेज मिळून बारा वर्षं खो-खो खेळलोय, आता फक्त कंबर खेळते माझ्याशी. एक विचारतो, त्या 5 मिनिटांत एकूण खो किती झाले ते आठवतंय का? तुमच्या मुलीला नाही, सगळ्यांना मिळून.

लेकीची_आई

तीन-चार झाले असतील. एक लाल बुटांचा मुलगा होता, तोच पळत होता सगळा वेळ. बाकीची पण बसलेलीच होती, आता तुम्ही म्हणताय तर आठवतंय. मी हिच्याकडेच बघत होते ना.

माजी_गडी

वाटलंच. तुमच्या मुलीला कोणी वगळलं नाहीये, त्या वयात खो देणं हेच कोणाला सुचत नाही. नियम असा की पाठलाग करणाऱ्याला दोन चौकोनांमधून मधली पट्टी ओलांडून पलीकडे जाता येत नाही. समोरचा गडी पलीकडे सटकला की दोनच मार्ग, एक तर पलीकडे तोंड करून बसलेल्या आपल्या गड्याला पाठीमागून खो द्यायचा, नाहीतर खांबापर्यंत पळत जाऊन वळसा घालून यायचं. मोठ्या माणसाला कळतं की खो एका सेकंदात होतो आणि वळशात गडी कुठल्या कुठे जातो. सहा वर्षांच्या पोराला कळतं एवढंच की मला पळायला मिळालंय आणि खो दिला तर मला बसावं लागेल! कोण देईल?

आम्हाला आमच्या सरांनी सुरुवातीला खांबाला वळसा बंदच केला होता, सरावापुरता. गडी पलीकडे गेला की खो द्यायचाच, दुसरा इलाजच नाही. त्यात पोरं इतकी वैतागायची की काय सांगू, पण महिन्याभरात मैदानभर खो खो खो असा नुसता आवाज. तुमच्या सरांना तक्रार म्हणून नाही, सहज सुचवून बघा. कदाचित करत पण असतील, मॅचमध्ये पोरं विसरली असतील.

आणि बसणं म्हणजे खेळ नाही असं समजू नका हां. जुन्या नियमात नऊ जणांपैकी आठ बसलेलेच असतात.

कोपऱ्यातला_काका

एवढ्याशा पोरांना मॅच कशाला खेळवायच्या मुळात? आम्ही गल्लीत खेळायचो तेव्हा आईबाप खुर्च्या टाकून बघायला येत नव्हते. फी, टी-शर्ट, बॅच, व्हॉट्सॲप ग्रुप, मग मॅचचे फोटो. पोराला खेळू द्या मोकळं, दहा वर्षांचं झाल्यावर घाला क्लासला.

माजी_गडी

काका गल्ली दाखवा, उद्या पाठवतो पोरं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लागलेल्या असतात, मधून स्कूटर निघाली तर नशीब. मैदानावर सर आणि बॅच आहे म्हणून तरी पोरं मातीत येतायत.

बाकी आईबापांबद्दल मात्र सहमत. बाहेरून "खो दे खो दे" ओरडणारे पालक पहिले बाहेर काढले पाहिजेत. पोरगं सरांकडे बघू की बापाकडे?

कोपऱ्यातला_काका

गाड्यांचं बरोबर आहे. तो वेगळा धागा काढावा लागेल.

जर्सी_सिटीकर

इकडे न्यू जर्सीत माझा मुलगा याच वयात सॉकरला जायला लागला म्हणून लिहितोय. अमेरिकेत आठ वर्षांखालच्या मुलांना 4 विरुद्ध 4 असंच खेळवतात, छोटं मैदान, गोलकीपर नाहीच. कारण सरळ आहे, मुलं कमी असली की प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. मोठ्या मैदानावर अकरा-अकरा जण सोडले तर गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी बॉलभोवती, आणि जे मुंगळे मागे राहिले ते मातीत रेघोट्या ओढत बसतात.

तरी आमच्या चिरंजीवांनी पहिल्या मॅचमध्ये काय केलं तर समोरच्या टीममध्ये वर्गातला मित्र दिसला म्हणून त्याचा हात धरला आणि दोघं हातात हात घालून पळले, शेवटपर्यंत. बॉल कुठे, हे कुठे. मी बाहेर लाजेने अर्धा झालो होतो. गाडीत बसल्यावर त्याचा एकच प्रश्न, पुढच्या शनिवारी स्नॅक कोणाकडून आहे? (इथे मॅचनंतर पालकांनी आळीपाळीने खाऊ आणायची पद्धत आहे, त्या पोरांसाठी खरी स्पर्धा तीच.)

सांगायचं असं की ती गप्प का होती ते तिलाच विचारलंत का? मी विचारायच्या आधीच आठवडाभर स्वतःच झुरत होतो की याला खेळ जमणारच नाही.

लेकीची_आई

नाही विचारलं. विचारते.

लेकीची_आई

दोन आठवड्यांनी अपडेट देते, उशीर झाला सॉरी, मध्ये घरात सगळ्यांना सर्दी झाली होती.

विचारलं तिला. तर म्हणे, आई माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी सांगितलं असतं तर तू मला उठवलं असतंस. एवढंच होतं ते! खो मिळाला नाही याचं वाईट वाटलं का विचारलं तर म्हणाली, मला वजीर व्हायचंय, वजीर कुठल्या पण बाजूला पळू शकतो. वजीर म्हणजे वर्ल्ड कपच्या नियमातला पाठलाग करणारा खास गडी, हे पण टीव्हीवरचंच, आजोबांची कृपा. तुमच्या सरांच्या मैदानावर वजीर नसतो म्हटल्यावर मात्र तोंड एवढंसं झालं.

सरांना वळशाचं सुचवलं. ते हसले आणि म्हणाले पुढच्या आठवड्यात तेच घेणार होतो. खरं की खोटं देव जाणे, पण घेतलं. काल सरावात हिला खो मिळाला. मिळाला तर ही उठलीच नाही, मागे वळून "मला?" असं विचारलं. मग सगळे ओरडल्यावर उठली आणि धूम पळाली, समोर गडी कुठे आहे ते न बघता, थेट सीमारेषेच्या बाहेर आणि तिथून चपलांच्या ढिगावर. दोन्ही गुडघे सोलवटून आलीये आणि शाळेत सगळ्यांना स्कर्ट वर करून दाखवतेय, बाईंचा फोन आला होता.

माजी_गडी, एवढ्या छोट्या मापाचे गुडघ्याचे पॅड मिळतात का कुठे? दुकानात विचारलं तर त्याने स्केटिंगचे कडक प्लॅस्टिकचे दाखवले, ते घालून उकिडवं कसं बसणार.

माजी_गडी

ते नका घेऊ. कापडी, आत स्पंज असलेले मिळतात, व्हॉलीबॉलवाले वापरतात ते, पण सगळ्यात लहान मापही तिला ढगळ होईल. जुन्या मोज्यांचे पंजे कापा आणि वरचा भाग गुडघ्यावर चढवा. आमच्या आईने तेच केलं होतं.