आईचा फुल बॉडी एमआरआय करावा का? मदत हवी आहे

नमस्कार. आई ६१ वर्षांची, डोंबिवलीत माझ्याकडेच असते. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. पण गेल्या वर्षी मावशी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. कळलं तोवर तो लिव्हरमध्ये पसरला होता. तेव्हापासून जरा पोट दुखलं की आईचा चेहरा उतरतो. भाऊ म्हणतो, फुल बॉडी एमआरआय करून टाकू, पैसे मी भरतो, तिचा जीव तरी शांत होईल.

मला मात्र हे पटत नाहीये. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, मान्य. (चौकशी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: काही ठिकाणी 'फुल बॉडी' म्हणजे नुसत्या रक्ताच्या तपासण्या, काही ठिकाणी सीटी. आधी नीट विचारा.) पण शेजारच्या काकूंचा रिपोर्ट मी पाहिलाय. किडनीत साधी सिस्ट, लिव्हरमध्ये हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), थायरॉइडमध्ये बारीकशी गाठ आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन'चा, म्हणजे लक्षणांशी ताडून बघण्याचा सल्ला. मग गळ्याची सोनोग्राफी, सुई घालून गाठीतल्या पेशींची तपासणी (एफएनएसी). निकाल येईपर्यंत त्या घरात कोणी धड जेवलं नाही. निघालं काहीच नाही. माझ्या आईला हे झेपणार नाही.

दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ दरम्यान त्या कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं. मृत्यू मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनेही २०२३ मध्ये सांगितलंय की लक्षणं, जोखीम किंवा घराण्यात आजार नसलेल्यांना असा स्कॅन सुचवावा इतका पुरावा नाही. पण आमच्या घराण्यात तर आहे, तोही आईच्या सख्ख्या बहिणीला! खरी अडचण इथेच आहे.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) कधीच झालेलं नाही, ते आधी करा. एमआरआयने त्याची भरपाई होत नाही. ते आम्ही करतोच आहोत.

सख्ख्या बहिणीला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला म्हणून कोणी जेनेटिक काउन्सेलिंग किंवा बीआरसीएची (कॅन्सरची जोखीम वाढवणाऱ्या जनुकांतल्या बिघाडाची) तपासणी केली आहे का? मावशीची तपासणी आता शक्य नाही, मग थेट आईची करून उपयोग होतो का? यासाठी पोटाच्या तज्ज्ञाकडे (गॅस्ट्रो) जायचं की ऑन्कोलॉजिस्टकडे? सगळं शरीर सोडून फक्त स्वादुपिंडाचा एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली) डॉक्टरांनी कोणाला सुचवली होती का? डॉक्टर मंडळी असतील तर जरूर लिहा. भाऊ पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेणार आहे, त्याआधी त्याच्याशी बोलायचं आहे.