रात्रीची खा-खा: जिभेवर ताबा नाही, की दिवसभर पोटाला मिळालेलंच नाही?

उंबरठा (धागाकर्ती):

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सुरू झालं. रात्री साडेअकराला सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जायचे. शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण आवाज करतं, म्हणून ते ओढणीत दाबून उघडायचे. दिवा लावायचा नाही, फ्रिजचा उजेड पुरायचा. आधी चार शंकरपाळे, मग मूठभर, मग डब्याचा तळ. गोड झालं म्हणून चिवडा, तिखट झालं म्हणून पुन्हा गोड, आणि शेवटी उरलेला गार भात लोणच्याशी, उभ्याउभ्या. चव कळतच नसायची. पोट दुखायला लागलं की थांबायचे. चमचा धुवून, पुसून जागेवर. सकाळी सासूबाई "शंकरपाळे संपले वाटतं" म्हणाल्या की मी मुलाचं नाव पुढे करायचे.

फराळ संपला, पण हे संपलं नाही. बिस्किटं, फरसाण, काही नसलं तर तूप-साखर. आठवड्यातून तीन-चार रात्री, जवळजवळ आठ महिने. आणि दर सकाळी एकच निश्चय: आज काही खायचं नाही. चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी परत चहा. रात्री पुन्हा डबा.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, याला नाव आहे: बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. एकाच बैठकीत, म्हणजे साधारण दोनेक तासांत, चारचौघांपेक्षा खूप जास्त खाणं, खाताना आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटणं, लपून खाणं, मागाहून स्वतःची किळस, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या, तर तो हा आजार नव्हे.

माझं म्हणणं असं आहे की ही खा-खा रात्री सुरू होतच नाही. ती सकाळी उपाशी राहण्यापासून सुरू होते. मी उपास सोडून दिवसातून पाचदा खायला लागले, तेव्हाच फरक पडला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एका प्रयोगात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, स्वप्नंही जेवणाचीच. पुढे पोटभर मिळायला लागल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी थांबू शकत नव्हते. आधी ही सगळी साधी जेवणारी माणसं होती. त्यांना एकदम हावरट कुणी केलं?

तुम्हाला काय वाटतं, ते मोकळेपणाने लिहा.

गडवाट:

ताई, तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण निष्कर्ष पटला नाही. माझे वडील माळकरी. चाळीस वर्षं दर एकादशीला निर्जळी उपास, आणि रात्री डबा उघडताना त्यांना कधी पाहिलं नाही. उपाशी राहण्याने माणूस बकाबका खातो असं असतं, तर निम्मा महाराष्ट्र श्रावणात रात्रीचा स्वयंपाकघरात दिसला असता. त्या मिनेसोटाच्या पोरांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तुम्ही एक सकाळ काढलीत. ही तुलना होत नाही. प्रत्येक सवयीला आजाराचं नाव दिलं की माणूस हातपाय गाळतो. संयम शिकावा लागतो, आणि तो शिकता येतो, हे मी घरात पाहिलंय.

कणीदार:

काका, "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हणही आपल्याच लोकांनी केलीय. सगळ्यांचा उपास तुमच्या वडिलांसारखा नसतो.

उंबरठा:

गडवाटकाका, तुलना पूर्ण जुळत नाही हे मान्य. पण माझी एक सकाळ नव्हती, आठ महिन्यांच्या सकाळी होत्या.

तुमच्या वडिलांच्या उपासाबद्दल मला आदरच आहे. त्यांना ठाऊक होतं की उद्या द्वादशी, पारणं आहे, ताट वाढलेलं असणार. त्यांचा उपास विठ्ठलासाठी होता. माझा उपास कालच्या रात्रीची शिक्षा होता. पोटाला दोन्ही सारखेच असतील, मनाला नाहीत. आणि संयम म्हणाल, तर दिवसभर मी तोच करत होते. ऑफिसात पेढे आले तरी हात लावत नव्हते. माझ्याइतका संयम आमच्या शाखेत कुणाचाच नव्हता.

शिंकाळं:

मला दोघांचंही अर्धंच पटतंय. खरा दोष पाकिटांचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं अन्न दिलं. हवं तेवढं खा म्हणाले. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मीठ, चरबी दोन्हीकडे सारखीच. तरी तयार अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. भूक तीच, माणसंही तीच. फरसाण, बिस्किटं घरात आणूच नका, निम्मा प्रश्न मिटेल.

माजघर:

शिंकाळं, आम्ही तेच केलं होतं. लेक तेव्हा बारावीला. आधी खाऊ आणणं बंद केलं, मग कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. दोन महिन्यांनी गादी उन्हात घालायला काढली तर खाली वेफर्सची, क्रीमच्या बिस्किटांची रिकामी पाकिटं. सगळी नीट घड्या घालून, चपटी करून ठेवलेली. मी मोजली, एकेचाळीस होती. पोरीने घडी घालताना काय विचार केला असेल, हे मला आजही रात्री आठवतं. मी तिला "अधाशी" म्हणाले होते, पाहुण्यांसमोर. कुलपाने खाणं थांबलं नाही, तिचं आमच्याशी बोलणं तेवढं थांबलं.

गडवाट:

माजघरताई, वाचून वाईट वाटलं. कुलूप चूकच. पण उंबरठाताई, माझा पुतण्या १०४ किलोचा आहे, शुगर काठावर. त्याला मी दिवसातून पाचदा खा म्हणून सांगू? वजनाचं काय, ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

उंबरठा:

रास्त प्रश्न. माझं वजन फारसं उतरलेलं नाही, वर्षभरात दोन किलो. पण रात्रीचं खाणं आठवड्यातून चारदा होतं, ते आता महिन्यातून एखाद्या वेळी होतं. ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही असंच आहे: या आजारावर उपचार चालू असताना वजन उतरवायच्या मागे लागू नका, त्याने पुन्हा खा-खा सुटू शकते. आधी हे थांबवायचं, वजनाचं नंतर बघायचं. मला हा क्रम पटायला तीन महिने लागले, खोटं सांगत नाही.

मी काय केलं ते सांगते. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं खाणं, आणि चार तासांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. हे सगळ्यात अवघड गेलं. घशाशी आलेलं असताना पोहे खायचे! सोबत एक वही: किती वाजता, काय, कुठे, आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. वहीतूनच कळलं की माझ्या वाईट रात्री पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि बँकेच्या क्लोजिंगला येतात. एरवी मला वाटायचं, कधीही होतं.

हिरवी वेलची:

आहारतज्ज्ञ म्हणून एवढंच सांगते. गडवाटकाका, पुतण्या मधुमेहाची औषधं घेत असेल तर त्याचे उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते, हातपाय कापतात, घाम फुटतो, आणि मग जी खा-खा सुटते तिथे संयमाचं काही चालत नाही. ज्यांना हा विकार नाही आणि उपास झेपतो, त्यांनी तो सोडावा असं मात्र मी म्हणणार नाही. खाऊन झाल्यावर कुणी उलट्या काढत असेल तर तो वेगळा आजार आहे, तिथे थांबू नका. कुणाशी बोलायचं हे कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

गडवाट:

औषधांचं लक्षात घेतो, त्याला विचारतो. पाचदा खाण्याचं अजून पटलेलं नाही. माझ्या मते तुम्हाला वहीने सावरलं, पोह्यांनी नव्हे. रोज स्वतःवर लक्ष ठेवणं म्हणजे संयमच की.

उंबरठा:

काका, वही मी आधीही लिहायचे. तेव्हा तिच्यात फक्त कॅलरी असायच्या, आणि ती भरली की रात्री डबा उघडायचे. पोहे सुरू झाल्यावरच फरक पडला. इथे आपलं जमणार नाही, पण तुम्ही पुतण्याला विचारणार हे वाचून बरं वाटलं.

माजघर:

उंबरठाताई, लेक आता पुण्याला होस्टेलवर आहे. मेसचं रात्रीचं जेवण साडेआठला, दुपारचं एकला. मधल्या वेळात ती काही खात नाही. तुम्ही संध्याकाळी नेमकं काय खाता? आणि मी तिला विचारू कसं?

उंबरठा:

पावणेसहाला, बँकेतून निघायच्या आधी. मूठभर फुटाणे आणि केळं, नाहीतर दाण्याचा लाडू. बसून, बशीत घेऊन. चालताना किंवा पिशवीत हात घालून नाही, कारण तसं खाल्लं की मला लपून खाल्ल्यासारखंच वाटतं.

तिला "काय खाल्लंस, किती खाल्लंस" एवढं विचारू नका. लाडू करून पाठवा, आणि डब्यात किती उरलेत ते कधीही मोजू नका.