जाहिरात अडवली म्हणून आम्ही चोर?

पऱ्हाटीवाला: काल एका बाजारभावाच्या साईटवाल्या भाऊनं लिहिलं का जाहिराती अडवणारं ब्लॉकर लावून साईट वाचणारे म्हणजे हॉटेलात आलुबोंडा खाऊन पैसे न देता सटकणारे. डोकं सरकलं म्हणून लिहून रायलो. भाऊ, आलुबोंडा खाताना हॉटेलवाला माझे खिसे तपासत नाही का हा कुठून आला, काल काय घेतलं, उद्या काय घेईन. आमचे बाबा धुऱ्यावरच्या निंबाखाली उभे राहतात, तिथंच काय ते एक कांडी नेटवर्क येते. कापसाचा भाव दिसला दिसला म्हणेपर्यंत पान खाली सरकायचं आन बोट पडायचं रमीच्या जाहिरातीवर. दीड जीबी डाटा, दुपारपर्यंत खलास. एकदा त्यायनं 'फोन साफ करा'ची जाहिरात दाबली, ॲप बसलं, तेव्हापासून काही न करताही फोनवर जाहिराती नाचत होत्या. शेवटी मी ते ॲप काढलं आन फायरफॉक्स टाकून त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ब्लॉकर बसवलं. आता भाव दिसते. चोर म्हणायचं तं म्हणा.

हर्रासवाला: तो साईटवाला मीच. जाहिरातीचे 100 रुपये आले तं ॲडसेन्समधून, म्हणजे साईटवर जाहिराती लावणाऱ्या गुगलच्या सेवेतून, साधारण 68 मले भेटते, आन 100 डॉलर जमल्याशिवाय बँकेत दमडी येत नाही. मागच्या खेपेला पाच महिने लागले. तुमचे बाबा निंबाखाली उभे, मी यार्डात हर्रास सुटेपर्यंत उन्हात उभा. पेट्रोल कोण देते? रमी मी नव्हतो लावत, गुगल लावत होतं.

संत्राबर्फी: दादा, नको त्या जाहिराती बंद करायची आन संख्या कमी करायची सोय ॲडसेन्समध्येच आहे, पाहा जरा. बाकी ब्लॉकरवालेही काही साधू नाहीत. ॲडब्लॉक प्लस हे ब्लॉकर 2011 पासून 'चालतील अशा' जाहिराती सोडते आन मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेते, म्हणजे नाक्यावरची वसुलीच. त्यांच्यावर जर्मनीत ॲक्सेल स्प्रिंगर या मोठ्या पेपरवाल्या कंपनीनं केस टाकली होती, 2018 मध्ये तिथल्या वरच्या कोर्टात ती कंपनीच हरली. आन 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसीच्या साईटवरल्या जाहिरातींतूनच फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस पसरला होता. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनंही 2022 मध्ये सांगितलं, ब्लॉकर वापरा.

हर्रासवाला: पुण्यात एसीत बसून जर्मनी सांगणं सोपं आहे.

संत्राबर्फी: मी अमरावतीत आहे आन लाईट नाही.

माळ्यावरची_तूर: रमीचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझा मुलगा दहावीत, प्रश्नपत्रिका शोधताना त्याला हेच दिसायचं. ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, तोपर्यंत आमच्या गल्लीतल्या एकानं बैलजोडी विकून टाकली होती. साईटवाले तेव्हा म्हणायचे, आम्ही कुठं लावतो.

कास्तकार_नंबर_एक: जाहिरात जाऊ द्या ना राजेहो, आधी तुमची हेडिंग पाहा. 'कापूस आठ हजार पार!' मी गाडी भाड्यानं करून 15 क्विंटल घेऊन गेलो, तिथं 6900. आत पाहिलं तं आठ हजार हा कमाल दर, तोही एखाद्याच गाडीचा. सर्वसाधारण दर पार खाली, तीन जाहिराती ओलांडल्या का मंग. हे आलुबोंड्यात बसते का?

हर्रासवाला: कमाल दर खोटा होता का? तुमच्या कापसात ओलावा किती होता ते नाही सांगितलं.

कास्तकार_नंबर_एक: ओलावा काढता? सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, 12 टक्क्याच्या वर ओलावा घेत नाही म्हणून व्यापाऱ्याकडे नेला ना! त्यात तुमच्या हेडिंगवर भरोसा. भाड्याचे अठराशे कोण देईन, तुम्ही का गुगल?

हर्रासवाला: मंग सरकारी साईटवर पाहत जा.

पऱ्हाटीवाला: तिथं काल संध्याकाळचा भाव आज दुपारी चढते, म्हणून तं तुमच्याकडे येतो.

हर्रासवाला: म्हणजे माल चांगला आहे. पैसेच द्यायचे नाहीत.

पऱ्हाटीवाला: महिन्याचे 20 रुपये ठेवा, फोनपेवर टाकतो. जाहिराती नको.

हर्रासवाला: दिवाळीत तेही करून पाहिलं. अकरा जणांनी दिले, त्यातले चार माझे सोयरे.

माळ्यावरची_तूर: 😂

पऱ्हाटीवाला: बरं बाप्पा, तुमच्यापुरता ब्लॉकर काढतो. पण ते सरकणारं पान थांबवा आन हेडिंगात सर्वसाधारण दर टाका.

हर्रासवाला: आधी तुम्ही काढा.

कास्तकार_नंबर_एक: मी नाही काढत. हिंगणघाटचा आजचा भाव कोणाले माहीत आहे का? गाडीवाला थांबून रायला.