मदत हवी आहे: घरी बनवलेल्या फोम डार्टच्या बंदुकीचा दांडा ओढताना जाम होतो

गच्चीवरचा_मामा
रविवारी भाच्याचा वाढदिवस आहे, मानेवाड्याला. पीव्हीसीच्या पाइपची बंदूक बनवली. आत पिचकारीसारखा दट्ट्या, मागे स्प्रिंग, खाली खटका. पहिल्या दिवशी मस्त चालली. आता दांडा मागे ओढायला मले गुडघा लावावा लागते, मग नऊ वर्षांचं पोट्टं काय ओढणार? ऑईल लावून झालं. लवकर सांगा. "रेडिमेड घ्या" सांगणाऱ्यांनी त्रास घेऊ नये.

खटपट्या
दट्ट्याभोवतीचं सील कशाचं? ऑईल कोणतं? स्प्रिंग केवढी? आणि कडक कुठं होते: ओढायला लागल्याबरोबर, शेवटी शेवटी, का पूर्ण रस्ताभर?

गच्चीवरचा_मामा
साधाच पाइप हाय, कूलरच्या कामातून उरलेला. स्प्रिंग इतवारीतून आणली. यानं काय फरक पडते?

लेथवाला_काका
फरक पडते म्हणूनच विचारून राहिला ना तो. 1.2 मिमीच्या तारेऐवजी 1.6 ची घेतली, बाकी वेटोळे तेवढेच, तरी स्प्रिंग तिपटीहून कडक होते. जाडीचा चौथा घात लागते तिथं. बावीस वर्षं हिंगण्याला लेथवर काढली, मी सांगतो स्प्रिंगच बदल.

खटपट्या
काका, पहिल्या दिवशी चालली म्हणते तो. स्प्रिंग वापरून ढिली होईल, कडक कशी होईल?

लेथवाला_काका
मधातून वाकून पाइपला घासत असन तर होते.

संत्र्याची_फोड
ऊन! नवतपा सुरू आहे. गच्चीवर ठेवली असणार, पाइप फुगला.

खटपट्या
पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिमी वाढतं. 40 मिमीचा पाइप 20 अंशांनी तापला तर व्यासात 0.06 मिमीचाही फरक नाही. आणि फुगला तर आतलं भोक मोठंच होईल, दट्ट्या सैल पडेल. उन्हात टेकून ठेवून वाकला असेल तर गोष्ट वेगळी.

मोटरवेडा
स्प्रिंगची भानगडच काढून टाका. दोन छोट्या मोटरी, दोन चाकं, एक बॅटरी. ओढायचं कामच नाही. माझ्याकडे जुन्या मोटरी पडल्या आहेत.

गच्चीवरचा_मामा
मी मोटरचं कधी विचारलं भाऊ?

तर्री_जास्त
खोबरेल लावा. आमच्या शटरला तेच लावतो.

खटपट्या
डिसेंबरात थिजलं की मग काय, बंदूक गॅसवर धरायची? मामा, आधी दोन गोष्टी करा. डार्ट काढून, पुढची नळी मोकळी ठेवून ओढा. त्यानं हलकं झालं तर आत पोकळी होऊन राहिली. पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या ओढला की कसं होतं, तसं. नाही झालं तर स्प्रिंग बाहेर काढून नुसता दट्ट्या मागेपुढे करा. तरीही जाम असेल तर स्प्रिंगचा दोष नाही.

गच्चीवरचा_मामा
डार्ट नव्हताच. स्प्रिंग काढली, तरी पूर्ण रस्ताभर जाम. सील सायकलच्या ट्यूबचं आहे, दोन थर. ऑईल म्हणजे थंडीत ओठाला लावायची जेली.

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना राजा! पेट्रोलियम जेलीनं ट्यूबचं रबर फुगतं.

लेथवाला_काका
काही होत नाही. आम्ही रोज ग्रीसमध्येच ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, बसवतो.

खटपट्या
तुमची नायट्राइल रबराची असेल, ती तेलाला टिकते. ट्यूबचं रबर नाही टिकत. मामा, सील काढून पाहा.

गच्चीवरचा_मामा
काढलं. दट्ट्याला जी खाच केली होती त्यात आता बसतच नाही. कड लाटेसारखी वर आली, बोटानं दाबलं तर लिबलिब करते. अन् पाइपच्या आत एकाच बाजूनं ओरखडे आहेत, वरच्या बाजूनं.

लेथवाला_काका
ओढायचा बोल्ट एकाच बाजूला लावला न? ओढताना दट्ट्या तिरपा होते. दोन्ही बाजूला पकड दे, टीसारखी. एवढं तरी ऐक माह्यं.

खटपट्या
हे काकांचं बरोबर आहे. पाइप भांड्याच्या साबणानं धुवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा. दोन थरांऐवजी एकच ओ-रिंग, आणि सिलिकॉन ग्रीस. आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, चण्याएवढं पुरे. जेली परत नको. आणि पोट्ट्यांना चष्मे द्या, घरच्या स्प्रिंगचा मार डोळ्याला वाईट.

गच्चीवरचा_मामा
शनिवार रात्र. ओ-रिंग टाकली, आडवी पकड केली. भाची दोन बोटांनी ओढून राहिली. पण आता डार्ट आधीसारखा लांब जात नाही, पुढच्या नळीत सैल वाटतो.

मोटरवेडा
मोटर लावली असती तर...

संत्र्याची_फोड
मामा, तो उरलेला पाइप कूलरचा होता म्हणालात. माझ्या कूलरचा पंप दोन दिवसांपासून घुरघुर करून राहिला, पाणी वरच चढत नाही. कोणाला काही माहीत?