धाकट्या मामाचा शोध : 1967 साली अनाथालयात ठेवलेल्या मुलाची नोंद कोठे मिळेल?

प्रश्न (मंगरूळपीर तालुक्यातून)

आजोबा वारल्यानंतर, 1967 च्या उन्हाळ्यात, आजीने पदरच्या तीन लेकरांपैकी सर्वांत धाकट्याला, म्हणजे माझ्या मामाला, अकोल्याच्या एका अनाथालयात ठेवले. तो तेव्हा चार वर्षांचा होता आणि मजुरीवर जाताना त्याला सांभाळणारे घरी कोणी नव्हते. दोन वर्षांनी ती त्याला आणायला गेली, तेव्हा ‘मुलगा दत्तक गेला’ एवढेच तोंडी सांगून तिला परत पाठवण्यात आले. आजी आता हयात नाही, पण सत्तरीला आलेली माझी आई भावाचा विषय सोडत नाही.

आजीच्या पेटीत संस्थेचे एक पोस्टकार्ड सापडले आहे. ‘मुलास गोवर आला होता, आता उतार आहे, काळजी नसावी’ असा मजकूर असून डाव्या कोपऱ्यात शाईने 112/67 असे लिहिले आहे. तो टपालाचा काही आकडा असावा. संस्थेत मी एकदा जाऊन आलो, पण नोंदी गोपनीय असल्याचे खिडकीवरूनच सांगितले गेले. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यास उपयोग होईल का?

उत्तर (महसुली अभिलेख कक्षातून निवृत्त)

टपाल खाते असा आकडा घालत नाही. तिरप्या रेघेनंतर साल असलेला क्रमांक हा एक तर संस्थेचा जावक क्रमांक असतो किंवा मुलाचा दाखल क्रमांक, आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. ‘आमच्या मामाची माहिती द्या’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘1967 च्या दाखल-खारीज नोंदवहीत (मूल केव्हा आले, केव्हा गेले याच्या वहीत) क्रमांक 112 समोर काय लिहिले आहे’ असे लेखी विचारावे. मोघम प्रश्नाला कारकून मोघम उत्तर देतो, हे मी चाळीस वर्षे त्या खुर्चीत बसून सांगतो आहे.

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून जुने कागद शोधताना वाशीम आणि अकोला या दोन्ही ठिकाणी विचारावे. मामाच्या जन्माची नोंद गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, असू शकते. तेथे पुष्कळदा बाळाचे नाव नसते, वडिलांच्या नावापुढे नुसते ‘मुलगा’ असते. त्यामुळे नाव शोधत बसू नका, आजोबांचे नाव आणि 1962 ते 1964 ही तीन वर्षे शोधा. ही नक्कल मामाचा पत्ता सांगणार नाही, परंतु तुमचे नाते सिद्ध करायला लागेल.

आणखी एक गोष्ट. गावाकडे ‘दत्तक गेला’ हे शब्द फार सैल वापरले जातात, आणि संस्थेतील माणसानेही तसेच वापरले असतील. मुलाला दुसऱ्या आश्रमात हलवले असले तरी तेच सांगितले जाई. तेव्हा संस्थेजवळच्या प्राथमिक शाळांची 1968 ते 1972 ची दाखल-खारीज रजिस्टरे आधी पाहावीत. आडनाव बदललेले असू शकते, जन्मतारीख गुरुजींनी अंदाजे 1 जुलै टाकलेली असू शकते, मात्र पालकाच्या रकान्यात संस्थेच्या अधीक्षकांचे नाव असेल.

उत्तर (बाल संरक्षणाच्या कामात)

वरील सल्ल्याला माझी एक पुस्ती आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 प्रमाणे वडील हयात नसतील तर मुलाला दत्तक देण्याचा अधिकार आईचा असतो. 1962 च्या दुरुस्तीनंतर आईवडील दोघेही नसलेल्या किंवा त्यांनी टाकून दिलेल्या मुलाला त्याचा पालनकर्ता दत्तक देऊ शकतो, पण त्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे तुमच्या मामाला कायदेशीर दत्तक दिले असेल, तर एक तर आजीची संमती घेतलेली असली पाहिजे किंवा न्यायालयात अर्ज झालेला असला पाहिजे. आजीने कधी कशावर अंगठा दिला होता का, हे आईंना विचारून पाहा. दत्तकपत्र नोंदवलेले असल्यास ते दुय्यम निबंधकांच्या चौथ्या पुस्तकात (संकीर्ण दस्तांच्या नोंदवहीत) असेल, परंतु त्याची नक्कल दस्त करून देणाऱ्यांना किंवा त्यावरून हक्क सांगणाऱ्यांनाच मिळते.

माहितीच्या अधिकाराने फारसे साधणार नाही. मुळांचा, म्हणजे आपल्या जन्मदात्या कुटुंबाचा, शोध घेण्याचा हक्क सध्याच्या दत्तक नियमांनी दत्तक गेलेल्या व्यक्तीला दिला आहे. 18 वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते. तिच्या वतीने इतर कोणी, अगदी सख्ख्या बहिणीनेही, असा शोध घ्यायला परवानगी नाही. हे ऐकायला कठोर वाटते, तथापि ज्याला आपण दत्तक आहोत हेच ठाऊक नाही अशा माणसाच्या दारात अचानक नातेवाईक उभे राहिल्याचे परिणाम मी पाहिले आहेत. म्हणून आईंच्या सहीचे पत्र संस्थेला आणि पुण्याच्या राज्य दत्तक संसाधन यंत्रणेला द्या, ते मामाच्या धारिकेत (फाइलीत) ठेवण्याची विनंती करा आणि पोच घ्या. मामा कधी शोधत आले, तर धारिका रिकामी नसावी.

उत्तर (वर्धा जिल्ह्यातून)

मी स्वतः दत्तक मुलगी आहे आणि माझा शोध अर्धवट राहिला आहे. माझ्या धारिकेत वजन, देवीची लस आणि एका अंगठ्याचा ठसा एवढेच निघाले. आईंच्या त्या पत्रात हक्क, जमीन, वाटणी यांतले काहीही लिहू नका. फक्त तुमच्याच घरात ठाऊक असेल असे काही लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. आईला विचारले. आजीने 1968 मध्ये एकदा अकोल्याला जाऊन ‘वसतिगृहाचा कागद’ म्हणून अंगठा दिला होता, असे ती म्हणते. सोमवारी क्रमांक 112 चा लेखी अर्ज घेऊन मी संस्थेत जात आहे. पत्र आईने काल रात्री सांगितले आणि माझ्या मुलीने लिहून घेतले. त्यात दोनच गोष्टी आहेत : तो तिला ‘बाई’ म्हणत असे, आणि चुलीतले लाकूड लागून त्याच्या डाव्या गुडघ्याखाली पडलेला डाग, जो तिच्या हातून झाला होता.